वस्तू कोणाची, कारागिराची की कंपनीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार आणि शिक्षणाचे खासगीकरण या विषयांच्या पंक्तीला मोबाईल फोन बसवलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. फोन, टीव्ही, लॅपटॉप ही सुखवस्तू माणसांच्या हौसेची बाब. समाजवादी कार्यकर्त्याला तिचे काय देणेघेणे, असा हा आक्षेप आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तो खराही असेल. आज तो टिकत नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी मोबाईलवर छायाचित्र काढून नोंदवणे सक्तीचे झाले. ज्या वस्तूवाचून मजुराची मजुरी अडते तिला चैन कसे म्हणावे?

आपल्या महाराष्ट्रातले एक आंदोलन आठवावे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाने कामासाठी दिलेले मोबाईल शासनाला परत करण्यास सुरुवात केली. फोन कमी क्षमतेचे होते, तापत होते, वारंवार बंद पडत होते. हमीची मुदत संपलेली होती आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या तुटपुंज्या मानधनावर येऊन पडत होता. त्यातच माहिती भरण्याचे ॲप इंग्रजी. वृत्तपत्रांत याला ‘मोबाईल वापसी’ म्हटले गेले, आणि काहींनी बायकांना तंत्रज्ञान नको आहे असा त्याचा अर्थ लावला. वस्तुतः त्यांना चालणारे यंत्र हवे होते. २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: यंत्र बिघडले तर ते दुरुस्त कोणी करायचे आणि कोणाच्या पैशाने? आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

लोकांच्या बोलण्यात याबाबत तीन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत असे की, दुरुस्तीला जेवढे पडतात त्यात थोडी भर घातली की नवा फोन येतो, मग जुना दुरुस्त करण्यात काय शहाणपणा? हा हिशेब खोटा नाही. परंतु त्यातले आकडे मांडले कोणी, हे आपण विचारत नाही. पूर्वी फोनचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत असे; आता ती आत डिंकाने चिकटवलेली असते. सुटे भाग बाहेर मिळत नाहीत. काही फोनांत तर अस्सल भाग बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला ओळख दिल्याखेरीज तो नीट चालत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याला अशा कुलूपबंदीविरुद्ध २०२४ साली कायदा करावा लागला. आणि यंत्र धडधाकट असले तरी सॉफ्टवेअरची सुधारणा थांबवली की ते निकालात निघते. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जगभरचे असंख्य चालते संगणक एका तारखेने म्हातारे ठरले.

हे सारे योगायोगाने घडते असे समजण्याचे कारण नाही. जुन्या आयफोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरद्वारे कमी केला होता, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, असे तिचे स्पष्टीकरण होते. पण ग्राहकाला हे सांगितलेच नव्हते, यासाठी फ्रान्सने २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी २०१८ साली इटलीने फोन मंदावणाऱ्या सुधारणांबद्दल ॲपल व सॅमसंग या दोघींनाही दंड ठोठावला होता. या युक्तीचा वंशवृक्षही जुना आहे. १९२४ साली जिनिव्हात युरोप-अमेरिकेतील बड्या बल्ब उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ उभारला, बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि ज्याचा बल्ब अधिक टिकेल त्या सभासदाला दंड लावला! वस्तू टिकाऊ केल्याबद्दल शिक्षा, हा भांडवलशाहीचा न्याय आहे.

दुसरे मत असे की, बाजारात स्पर्धा आहे, ग्राहक राजा आहे. वाईट वस्तू आपोआप मागे पडेल. चार्जरची कथा या मताची परीक्षा घेते. २००९ साली युरोपात फोन कंपन्यांनी एकसारख्या चार्जरसाठी स्वेच्छेने करार केला. तीसच्या आसपास असलेले प्रकार तीनवर आले. पण तीनाचा एक काही होईना. कायद्याने सक्ती केली तर नवनिर्मिती खुंटेल, असा ओरडा ॲपलने केला. अखेर २०२२ साली युरोपीय संघाने कायदा केला, २०२३ च्या सप्टेंबरात आयफोनला तेच सॉकेट आले, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना ते बंधनकारक झाले. पंधरा वर्षे बाजाराला जे साधले नाही ते कायद्याने साधले, आणि नवनिर्मिती कोठे खुंटल्याचे दिसले नाही.

तिसरे मत आपल्याविषयीचे आहे: समाजवादी माणूस मुळात यंत्राच्याच विरोधात असतो. आपल्या परंपरेला इतका अन्याय क्वचितच कोणी केला असेल. गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला यंत्रविरोधातून स्पष्ट अपवाद केला होता, आणि अशी यंत्रे बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखालचे असावेत, इतपत आपण समाजवादी आहोत, असेही म्हटले होते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजच्या अभियंत्यांनी वाचाव्यात अशा आहेत. चरखा दीडशे रुपयांहून महाग नसावा, खेड्यातल्या घरात बाईला आठ तास फार श्रमांवाचून चालवता यावा, वीस वर्षे टिकावा, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये! फ्रान्सने २०२१ पासून वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापण्याची सक्ती केली, तिचे जगभर कौतुक झाले. त्यामागची दृष्टी आपल्याकडे नव्वद वर्षे आधी कागदावर उतरलेली होती. लहान यंत्राचा आग्रह धरणाऱ्या डॉ. लोहियांनीही यंत्र कोणाच्या ताब्यात राहील, हाच प्रश्न विचारला.

जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकी भांडवलाच्या अटी न मानता आयबीएम कंपनी १९७८ साली देशातून गेली. अन्यत्र वापरून झालेली यंत्रे ती येथे भाड्याने देत असे. ती गेल्यावर संगणक बंद पडतील अशी भीती घातली गेली. प्रत्यक्षात सीएमसी या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल अंगावर घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालती ठेवली. दुरुस्तीचे ज्ञान हाती असणे हाही स्वावलंबनाचाच भाग आहे, हा त्याचा धडा.

वस्तू लवकर मरते तेव्हा तिचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तेथे तारा जाळून तांबे काढले जाते, आम्लात पट्ट्या बुडवून धातू वेगळे केले जातात, आणि तो धूर गरिबांची मुले श्वासावाटे घेतात. दुसऱ्या टोकाला कारखाना आहे. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे टीव्ही, फ्रिज बनवणाऱ्या सॅमसंगच्या कामगारांना २०२४ साली पगारवाढीसाठी आणि आपल्या युनियनच्या मान्यतेसाठी ३७ दिवस संप करावा लागला. नव्या वस्तूच्या जाहिरातीत ही दोन्ही टोके कधी दिसत नाहीत. मधला माणूस, म्हणजे तालुक्याच्या गावी टपरीत भिंग लावून बसलेला आपला दुरुस्ती कारागीर, तोही दिसत नाही. त्याचा धंदा मात्र डिंक आणि कुलूप यांनी बुडत असतो.

मग आपण काय करावे? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे व वाहने हे चार वर्ग धरले. २०२५ साली एका सरकारी समितीने दुरुस्ती-गुणांकनाची चौकटही सुचवली. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. आपली मागणी कायद्याची असावी: वस्तूच्या खोक्यावर दुरुस्तीचे गुण छापलेले असावेत, सुटे भाग व माहितीपत्रक कोणत्याही कारागिराला रास्त भावात मिळावे, सुट्या भागांना सॉफ्टवेअरचे कुलूप नसावे, सॉफ्टवेअरचा आधार किती वर्षे मिळेल हे विक्रीच्या वेळीच लेखी द्यावे. आणि शासन वा मालक जे यंत्र कामासाठी सक्तीचे करील, त्याच्या दुरुस्तीचा खर्च कामगाराच्या माथी मारता येऊ नये. ही शेवटची मागणी अंगणवाडी सेविकांची आहे. ती प्रत्येक युनियनच्या मागणीपत्रात गेली पाहिजे.

हे काम मोर्च्यापुरते ठेवू नये. आपल्या तालुक्यातील कारागिरांना एकत्र बोलवा, कोणते भाग मिळत नाहीत याची यादी त्यांच्याकडून घ्या, आणि ती घेऊन ग्राहक पंचायतीकडे व लोकप्रतिनिधींकडे जा. नांगराचा फाळ लोहाराने शेवटायचा आणि गाडीचे चाक सुताराने बसवायचे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार माणसाला नसेल, तर ती त्याने विकत घेतलेली नसून भाड्याने आणलेली आहे, एवढे लोकांना पटवून देता आले तरी पुढचा लढा सोपा होईल.