दुभाष्याची मजुरी कोण देतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील लॅटिन अमेरिकी स्थलांतरितांचा मानसोपचार हा समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मजुरी, निवारा आणि नागरिकत्व यांचे प्रश्न सुटले की मनाचे प्रश्न आपोआप सुटतील, ही समजूत आपल्या चळवळीत जुनी आहे. मला ती मान्य नाही. मी अर्थशास्त्राचा माणूस, म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करतो.

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाचे ६ कोटी २१ लाख लोक आहेत. शेतातील फळतोडणी, मांस-कारखाने, बांधकाम, घरकाम ही अंगमेहनतीची कामे मोठ्या प्रमाणावर त्यांच्यातील स्थलांतरितांकडे आहेत. आता दुसरा आकडा पाहा. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ साली केलेल्या पाहणीत स्पॅनिशमधून उपचार करू शकणारे मानसशास्त्रज्ञ शेकडा साडेपाचच्या आसपास निघाले. मागणी आणि पुरवठा यांत एवढी दरी असली की ती कोणीतरी फुकट राबून भरून काढत असते. येथे ते काम वर्षानुवर्षे घरातल्या शाळकरी मुलाने केले. आईला झोप का येत नाही, सरहद्द ओलांडताना तिच्यावर काय ओढवले, नवरा हात उगारतो काय, हे प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलाने तिला विचारायचे आणि उत्तरे डॉक्टरला सांगायची! रुग्णालयाच्या वहीत ही बचत दिसते. खर्च नाहीसा झालेला नसतो. तो त्या घरात जातो आणि मुलाच्या मनावर चढतो. २०१० च्या आरोग्य कायद्याखाली २०१६ साली झालेल्या नियमांनी, आणीबाणीचा प्रसंग वगळता, अल्पवयीन मुलांवर दुभाषेपणासाठी विसंबण्यास मनाई केली. त्याला एवढा उशीर का लागला, याचे उत्तर त्या शून्य दराच्या मजुरीत आहे.

दुभाष्याने शब्द पोहोचविले तरी रोगी पोहोचतोच असे नाही. लुईस मार्कोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली न्यूयॉर्कमधील स्पॅनिशभाषक मनोरुग्णांच्या मुलाखती स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत घेऊन तपासल्या. तीच माणसे इंग्रजीतून बोलताना अधिक आजारी ठरली. परकी भाषा जुळविताना माणूस थांबतो, अडखळतो, एका शब्दात उत्तर देतो. परीक्षकाला ते रोगाचे लक्षण वाटते. उलटही घडते. परक्या भाषेत माणूस आपल्यावरील भयंकर प्रसंग कोरड्या आवाजात सांगून मोकळा होतो, कारण त्या शब्दांना त्याचे बालपण चिकटलेले नसते. रोगी कोणत्या क्षणी एक भाषा सोडून दुसरीत शिरला, हे टिपण्यासाठी उपचारकच दोन्ही भाषांत वावरणारा लागतो.

शिवाय दुःखाची नावेही निराळी. कॅरिबियन प्रदेशातील स्त्री 'आताके दे नेर्विओस' म्हणते तेव्हा किंचाळणे, थरथरणे, छातीत उष्णता दाटणे असे बरेच काही त्यात येते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथाने १९९४ साली ही संज्ञा परिशिष्टात नोंदविली. (आपल्याकडील अंगात येण्याशी तिची घाईने सांगड घालू नये.) आदरार्थाचेही तसेच आहे. स्पॅनिशमध्ये वडीलधाऱ्यांसाठी 'उस्तेद' आहे आणि जवळच्यासाठी 'तू' आहे, उच्चारानेही थेट आपल्या 'तू'सारखा. शाळेत स्पॅनिश शिकलेल्या तरुण उपचारकाने साठीच्या शेतमजुराला पहिल्याच भेटीत 'तू' म्हटले, तर पुढे काय होईल हे मराठी माणसाला समजावून सांगावयास नको.

१९८६ साली कोस्तान्तिनो आदी संशोधकांनी न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मुलांना आयांसमवेत बसवून त्यांच्या बेटावरील लोककथा सांगण्यात येत. नेहमीच्या उपचारापेक्षा या मुलांची चिंता अधिक घटल्याचे आढळले. मला हा प्रयोग आवडतो. त्यात आईचे ज्ञान उपयोगी पडते.

तथापि 'संस्कृती' या शब्दाचा एक धोका आहे. स्त्री दवाखान्यात येत नाही, तेव्हा अहवालात 'सांस्कृतिक संकोच' असे लिहिले जाते. तिची पाळी संपण्याआधी दवाखाना बंद होतो, हे लिहिले जात नाही. कागदपत्रे नसलेल्यांना २०१० च्या कायद्याच्या बाजारात स्वतःच्या पैशानेही विमा घेता येत नाही, हेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा आणि चर्च येथे स्थलांतरितांना पकडण्यावरील जुनी बंधने सरकारने काढून घेतली. अशा वेळी दवाखान्याच्या दाराशी घुटमळणाऱ्या माणसाच्या भीतीला विकार म्हणणे हा अन्यायच आहे. एल साल्वादोरचे मानसशास्त्रज्ञ इग्नासियो मार्तिन-बारो हेच मांडत असत: युद्धाने आणि दडपशाहीने झालेली जखम समाजात असते, ती एकट्या रोग्याच्या डोक्यात शोधू नये. अमेरिकेच्या मदतीवर पोसलेल्या साल्वादोरी सैन्याने १६ नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांना ठार केले.

आणि स्पॅनिश म्हणजेच सर्वांची मातृभाषा, हेही खरे नव्हे. ग्वातेमालातून येणाऱ्या अनेकांची भाषा माम किंवा किचे असते. स्पॅनिश ही त्यांच्या लेखी जेत्यांची भाषा.

उपचार की संघर्ष, हा वाद दक्षिण ब्राँक्सच्या लिंकन रुग्णालयात एका परीने निकालात निघाला होता. तेथील मानसिक आरोग्य विभागाने वस्तीतीलच काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांना डॉक्टर व रोगी यांच्यामधील पूल म्हणून कमी पगारावर नेमले होते. (पोर्तो रिकन हे १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच, तरी त्यांची भाषा परकीच ठरली.) मार्च १९६९ मध्ये या कर्मचाऱ्यांनी विभागच ताब्यात घेतला. वस्तीचे दुःख जाणणारा माणूस दवाखान्यात सर्वांत खालच्या पायरीवर का, हा त्यांचा सवाल होता. १४ जुलै १९७० रोजी 'यंग लॉर्ड्स' या तरुणांच्या संघटनेने तेच रुग्णालय काही तास ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी तेथे व्यसनमुक्तीचे लोककेंद्र उभे राहिले.

सरकारी सेवांत इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी असा आदेश ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढला होता. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरविताना तो रद्द केला. १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र उभा आहे. संघराज्याचा पैसा घेणाऱ्या संस्थेने राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करू नये, असे तो सांगतो. आणि भाषेमुळे वंचित ठेवणे हाही भेदभावच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या शाळेविषयीच्या खटल्यात या कायद्याच्याच आधारे म्हटले होते.