काजूचं टरफल आणि तेलाची विहीर

मी डोंबिवलीत राहतो, कोड लिहितो. पण आजचा विषय आजीच्या कोकणातल्या अंगणातला आहे. काजू भाजताना टरफलातलं तेल उडालं की तिच्या बोटांची सालपटं निघायची.

तेच तेल खनिज तेलाच्या विहिरीत उपयोगी पडू शकतं. वर येताना दाब कमी होतो, तसे कच्च्या तेलातले अ‍ॅस्फाल्टीन नावाचे जड रेणू एकमेकांना चिकटतात आणि नळीत डांबरासारखा थर बसतो. काजूच्या तेलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कार्डानॉल उरतं. त्याचं एक टोक अ‍ॅस्फाल्टीनला धरतं, 15 कार्बनची शेपटी तेलात राहते. मग कणांचे गोळे होणं कमी होतं.

पण थांबा. 1974 मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचं तेल मेणयुक्त. त्यातलं मेण थंड झालं की गोठतं. तिथेही हाच उपाय चालेल असं धरून चालू नका. आधी थर कशाचा ते बघा, मग औषध. आम्ही बग शोधतो तसंच!

आणि हो, झाडापासून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. आजीची बोटं आठवा.