विडी सोडली, तंबाखू धरली
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे माझे गुरुजन, आणि चाळीस वर्षांनी केस गेलेले, पोट सुटलेले, तरी आवाजावरून लगेच ओळखू आलेले माझे मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच दिला. 'तू व्यसन कसं सोडलंस ते सांग.' घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "कितव्यांदा सोडलं ते विचारलंय का त्यांनी?" तिचं बरोबर आहे. सोडण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. मोजून पाच वेळा सोडलंय मी.

सुरुवात कुठं झाली हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. नववीत, मैदानामागच्या लिंबाखाली, एका विडीत चौघं. वास जावा म्हणून पेरूची पानं चावायचो. एकदा एका सरांनी रांगेत उभं करून सगळ्यांची बोटं हुंगली आणि छड्या दिल्या. छड्या देऊन झाल्यावर सर स्वतः कुठं जाऊन काय ओढायचे, तेही आम्हाला माहीत होतं. (सर, नाव घेत नाही. तुम्ही हसताय म्हणजे चालतंय.)

पुढं थर्मलला नोकरी लागली. परळीत १९७१ पासून धूर काढणं हा सरकारी उद्योगच आहे, त्यात माझी भर. रात्रपाळीला तीन वाजता डोळे मिटायला लागले की चहा, आणि चहाबरोबर विडी. पगार झाला की सिगारेट, वीस तारखेनंतर पुन्हा विडी. एक सांगतो, विडी हलकी असते हा आपला गैरसमज आहे. ओढत राहिलं नाही तर ती विझते, म्हणून माणूस जास्त झुरके मारतो.

पहिल्यांदा सोडली ती महाशिवरात्रीला, वैजनाथाच्या पायरीवर बंडल ठेवून. अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी पाळीत एकानं पेटवलेली पुढं केली आणि हात आपोआप गेला. नंतर वाईट वाटलं ते वेगळंच. शपथ मोडली म्हणून देवळात जायची लाज, आणि लाजेपायी विडी दुप्पट. शपथ घेऊन सोडणारे लोक मी पाहिलेत, त्यांची चेष्टा करणार नाही. पण मी घेतली ती शपथ माझी आणि देवाची होती. बाराव्या दिवशी पेटवलेली पुढं करणाऱ्याला तिचा पत्ताच नव्हता.

हे मला सरांमुळे कळलं. सरांनी सोडली ती माळ घालून. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांना विचारलं, "सर, विठ्ठलानं सोडवली का?" सर म्हणाले, "विठ्ठलानं सोडवली, आणि टपरीवाल्यानं." गळ्यातली माळ गावाला दिसत होती. टपरीवर गेले तर तोच म्हणायचा, "गुरुजी, तुम्हाला नाही देत मी." शिवाय सरांनी शाळेत यायचा रस्ताही बदलला होता. दोन वर्षं लांबच्या रस्त्यानं आले. आम्हाला वाटायचं, सरांनी तिकडं प्लॉट घेतलाय.

दुसऱ्यांदा मी कमी करत करत सोडायला निघालो. रोज एक कमी. वहीत मांडायचो. वीसच्या पाचवर आलो आणि तिथं अडकलो, कारण त्या पाचांची दिवसभर वाट बघायचो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली सुमारे सातशे लोकांवर हे तपासलं. काहींनी हळूहळू कमी केली, काहींनी ठरलेल्या दिवशी एकदम थांबवली. दोन्हीकडच्यांना सल्ला आणि निकोटिनची पट्टी होती. चार आठवड्यांनी एकदम थांबवणाऱ्यांतले शंभरात ४९ टिकले होते, हळूहळूवाल्यांतले ३९. तेव्हा माझ्यासारखं वहीत मांडायची ज्यांना हौस आहे त्यांनी मांडावं, पण शेवटची तारीखही लिहावी. मी ती लिहिली नव्हती.

तिसऱ्या वेळी शेंगदाणे, बडीशेप, लवंग. आठ किलो वजन वाढलं आणि विडीही परत आली. पुढं जाऊ.

चौथ्या वेळेबद्दल बोलायचं होतं म्हणूनच मी आज उभा राहिलो. स्मरणिकेत आपल्या तुकडीची यादी आहे, त्यात पाच नावं चौकटीत आहेत. त्यातला एक माझ्या बाकावरचा, लिंबाखालच्या चौघांतला. थर्मललाही आम्ही बरोबरच लागलो. वहिनी आज आल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलतोय.

२००३ साली आम्ही दोघांनी मिळून विडी सोडायचं ठरवलं. त्याची पाळी कोळशाकडं होती. तिथं काडी ओढायला बंदी, विडीसाठी लांब जावं लागायचं. मी त्याला म्हणालो, "बप्पा, विडी सोड, चिमूटभर तंबाखू धर. धूर नाही, खोकला नाही, काम सोडून जायलाही नको." मीच म्हणालो. दोघांनी मळायला सुरुवात केली आणि आठवड्यात विडी सुटली. काही त्रास झाला नाही. आम्हाला वाटलं, आपण जिंकलो. घरी त्यानं पेढे वाटले होते.

त्रास झाला नाही याचं कारण मला फार उशिरा समजलं. तलफ असते निकोटिनची. विडीच्या धुरातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, तंबाखूतून सावकाश पोचतं पण जास्त वेळ टिकतं. शरीराला माल मिळत होता, फक्त दार बदललं होतं. आणि हे आम्ही दोघांनीच केलं असंही नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या शंभरांतले चारसुद्धा जण विडी-सिगारेट ओढणारे निघाले नाहीत. ऐकायला किती छान! पण तोंडात तंबाखू धरणारे निघाले चोवीस. विडी सोडली म्हणून आपण ज्यांचा सत्कार करतो, त्यांचा खिसा एकदा तपासायला हवा.

२०१४ च्या पावसाळ्यात त्याच्या गालात आतून फोड आला, तिथंच जिथं तो बार धरायचा. दुखत नव्हता म्हणून चार महिने गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगानं गेले, तेव्हा हा मुंबईत उपचार घेत होता. मी भेटायला गेलो होतो. बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचा. मला वाटलं, मला काही बोलेल. त्यानं लिहिलं, "तुझी सुटली का?" माझ्या खिशात डबी होती. मी हो म्हणालो.

त्या उन्हाळ्यानंतर पाण्याअभावी थर्मलचे संच बंद पडले. धुराड्यातून धूर यायचा थांबला, माझी डबी चालूच. तो २०१६ मध्ये गेला. दहाव्याला जाऊन आलो, डबी काढली आणि मळता येईना. त्या दिवशी मी काही सोडली वगैरे नाही, चार दिवसांनी पुन्हा मळलीच. दुःखानं व्यसन सुटतं असं सिनेमात असतं. मी मात्र त्यानंतर अंबाजोगाईला जाऊन तोंड दाखवलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता.

ही पाचवी वेळ. डॉक्टरांनी मला रागावलं नाही. विचारलं, "उठल्यावर किती वेळात पहिली लागते?" म्हटलं, "तोंड धुवायच्या आधी." ते म्हणाले, नुसत्या मनाच्या जोरावर वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात, तेव्हा चार वेळा हरलात यात लाज कसली? निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंगगम, दिली. मी ती बबलगमसारखी चावली आणि उचकी लागून बेजार झालो. नीट पद्धत अशी: चव झणझणली की चावणं थांबवून गालात ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आणि गोळीच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही, कारण चहाकॉफीनं ती तोंडात नीट शोषली जात नाही. परळीच्या माणसाला तंबाखूपेक्षा हे अवघड! दोन मिलिग्रॅमची दुकानात मिळते. जास्त व्यसन असेल त्यांनी आणि बीपी-हृदयाच्या लोकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. गोळ्यांची औषधंही आहेत, ती चिठ्ठीशिवाय नाहीत.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. बायकोवर खेकसलो, मुलावर ओरडलो, झोप नाही. पण एक तलफ पाच-सात मिनिटांची असते हे मी घड्याळ लावून पाहिलं. तेवढ्यात पाणी प्यायचं, गच्चीवर चक्कर मारायची, कुणाला तरी फोन करायचा. माझे फोन झेललेले तिघं इथं बसलेत, त्यांची माफी मागतो. आणि या वेळी मी सरांसारखंच केलं. पाळीतल्या सगळ्यांना, टपरीवाल्याला, शेजाऱ्यांना सांगून टाकलं. रात्री तीनच्या चहाची वेळच बदलून घेतली. दोनदा घसरलो. एकदा लग्नात, एकदा भाच्याच्या निकालाच्या आनंदात. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी सुरू केली आणि ते दिवस वहीत लिहिले. चट्टा हळूहळू गेला. अजून दर सहा महिन्यांनी दाखवतो.

काल रात्री जमलो तेव्हा आपली एक मैत्रीण म्हणाली, "तुम्ही पुरुष विडीचंच सांगता, आमच्या आयांच्या मिश्रीचं कोण सांगणार?" तिच्या आईनं पन्नास वर्षं मिश्री लावली, दात घासायचं औषध म्हणून. तिला कुणी व्यसन म्हटलंच नाही, मग सोडवणार कोण? याचं उत्तर माझ्याकडं नाही. ती बोलायला तयार असेल तर पुढच्या वेळी ही दहा मिनिटं तिला द्या.

तंबाखूच्या पुड्यावर आणि सिगारेटच्या पाकिटावर १८०० ११ २३५६ हा नंबर छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन मोफत आहे. मी सहा महिने तो नंबर पुडीवर बघत होतो आणि पुडी फाडत होतो.

आता जेवणाआधी एक काम आहे. आपला दातांचा डॉक्टर झालेला मित्र बॅटरी आणि आरसा घेऊन नववीच्या वर्गात बसलाय. दोन मिनिटांचं काम आहे. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील, गालात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेला फोड असेल, तर त्याला दाखवा. काही नसेल तरी दाखवा. खिशातली डबी बाहेर ठेवायची गरज नाही, तो विचारणार नाही. वहिनी दारात नावं लिहून घेणार आहेत. पहिलं नाव मी घातलंय, दुसरं सरांचं.