पिंगुळीची पोथी आणि आपली भिंत

(कलशारोहण सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रामायण-महाभारताच्या चित्रांविषयी दोन शब्द बोलावे, अशी समितीने आज्ञा केली. तिचे कारण आपणां सर्वांस ठाऊक आहेच. मारुतीरायाच्या सभामंडपाची दक्षिणेकडील भिंत अद्याप मोकळी आहे आणि तेथे काय असावे यावर गावात दोन मते आहेत. कोणी म्हणतो छापील देवांच्या टाइल्स बसवा, कोणी म्हणतो देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावा. मी तिसरी गोष्ट सांगणार आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करीत आली. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. सुमारे फूट-सव्वा फुटाचे कागद, त्यांवर रंगविलेले प्रसंग, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली. एका कथेची सगळी चित्रे मिळून होते ती ‘पोथी’. देवळात कथेकरी बसतो, वीणा, टाळ नि हुडूक वाजतो, फळीला टेकवून एकेक चित्र पुढे येते आणि कथा चालते. अक्षरओळख नसलेला माणूसही ही पोथी वाचू शके! चित्र जीर्ण झाले की ते केरात जात नसे, पाण्यात त्याचे विसर्जन होई. पैठणी चित्रे म्हणून जी ओळखली जातात तीही याच कुळातली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात ती पाहावयास मिळतात.

हीच रीत दूर बंगालातही आहे. तेथे कागदाची लांब गुंडाळी असते, तिला पट म्हणतात. पटुआ ती उलगडत जातो, बोटाने प्रसंग दाखवितो आणि गातो. मेदिनीपूरकडील नया हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ते ज्या भागात येते त्याचे नाव पिंगला! पिंगुळी आणि पिंगला, हा निव्वळ योगायोग असावा, पण मला गंमत वाटते. विशेष असे की हे पटुआ बहुतेक मुसलमान आहेत. तरी सीताहरण गातात, मनसादेवी गातात, आणि ऐकणाऱ्या हिंदू गावाला त्यात वावगे वाटत नाही.

अहिरावण-महिरावणाची कथा आपण सप्ताहात ऐकली आहे. श्रीधरस्वामींच्या १७०३ च्या ‘रामविजया’त ती आहे. वाल्मीकींच्या रामायणात ती सापडत नाही. परंतु बंगालच्या कृत्तिवासांच्या रामायणात महिरावण आहे, आणि तेथेही पाताळात जाऊन रामलक्ष्मणांना सोडविणारा आपला मारुतीच. पोथीपंडितांनी न सांगितलेले लोकांनी जपले ते असे.

संस्थाने गेली, सिनेमा आला, आणि पिंगुळीच्या पोथ्या फडक्यात बांधून राहिल्या. श्री. परशुराम गंगावणे यांनी नेट धरला, स्वतःच्या गोठ्याच्या जागेत २००६ साली संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीने रोजची चूल पेटत नाही. कथा करावयास देऊळ लागते, ऐकणारे लागतात.

१९७० साली सिडको आली, पुढे आपली शेते, मिठागरे गेली. भोवती नवी मुंबई उभी राहिली. गावाचे म्हणून जे उरले त्यात हे देऊळ. तेथेही दुकानातल्या टाइल्सच लावायच्या काय? त्या कुठल्याही नाक्यावर दिसतात. धवलारीण लग्नात धवले गाते तेव्हा कॅसेट लावून आपण भागवीत नाही ना?

माझी सूचना अशी. पिंगुळीच्या कलावंतांस बोलवावे, भिंतीवर पाताळाचा प्रसंग त्यांच्या हातून काढून घ्यावा आणि हनुमान जयंतीच्या रात्री त्यांची कथा ठेवावी. मजुरी, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च आधी विचारून ठरवावा, पाहुणे म्हणून बोलावून घासाघीस करू नये. देणगीदारांची नावे भिंतीखाली बारीक अक्षरांत येतील. माझी देणगी लहान आहे, तिचे नाव वगळले तरी चालेल. येत्या एकादशीच्या बैठकीत हा विषय प्रथम घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.