थट्टा कोणाची, कोणापुढे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली पंधरा वर्षे वर्धापनदिनाचे फिशपाँड मीच लिहीत आले. या वर्षी मात्र पेटी उघडण्यापूर्वी मला थोडे बोलू द्यावे, अशी विनंती मी कार्यवाहबाईंना केली, आणि त्यांनी ती मान्य केली. विषय विनोदाचा असला तरी माझे भाषण फारसे विनोदी होणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागते.

आपल्यातल्या तरुण मुलींच्या तोंडी ‘रोस्ट’ हा शब्द आता रुळला आहे. रोस्ट म्हणजे भाजणे. एखाद्या नामवंत माणसाला मंचावर मधोमध बसवायचे, त्याच्या मित्रांनी एकामागून एक उठून त्याची यथेच्छ टर उडवायची आणि त्याने ती हसत ऐकून घ्यायची, असा हा प्रकार. अमेरिकेत तो फार जुना. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबात नटमंडळी एकमेकांना अशी भाजून काढीत; पण ते क्लबाच्या चार भिंतींत. पुढे डीन मार्टिन या गायक-नटाने १९७४ ते १९८४ या काळात हाच खेळ दूरचित्रवाणीवर आणला. मग त्या कार्यक्रमांच्या कॅसेट आणि तबकड्या विकल्या जाऊ लागल्या, आणि मित्रांची आपसातली थट्टा घरोघरी दिवाणखान्यात बसून पाहण्याची वस्तू झाली.

आपल्याकडे हे वादळ आले ते मुंबईत. २० डिसेंबर २०१४ रोजी वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृहात ‘एआयबी’ नावाच्या विनोदी मंडळींनी रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर या दोन नटांचा रोस्ट केला. सूत्रे करण जोहर यांच्याकडे होती. सुमारे चार हजार प्रेक्षक होते, तिकीट चार हजार रुपये होते, आणि चाळीस लाखांच्या आसपास रक्कम धर्मादाय कामासाठी दिल्याचे सांगण्यात आले. करण जोहर यांच्या मातोश्रीही प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्या रात्री सारे हसून घरी गेले. कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

महिन्याभराने, जानेवारी २०१५च्या अखेरीस, त्याच कार्यक्रमाचे चित्रण यूट्यूबवर आले, आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी ते घरी बसून पाहिले. मग काय झाले ते आपणांस आठवत असेल. अश्लीलतेच्या तक्रारी झाल्या, राज्याचे त्या वेळचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी चौकशीचा आदेश दिला, आमीर खान यांनी जाहीर नापसंती दर्शविली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच चित्रण काढून घेण्यात आले, आणि पुढे मुंबईतील न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला.

त्यातली भाषा मला रुचली नाही. कोणाचा वर्ण, कोणाची अंगकाठी यांवरचे विनोद तर मला अगदीच स्वस्त वाटले. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, न आवडल्यास आपण पाहू नये. त्यासाठी पोलीस बोलवावेत असेही मला वाटत नाही. पण एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. शब्द तेच, माणसे तीच. मग डिसेंबरात जे हसण्यावारी गेले, ते फेब्रुवारीत पोलिसचौकीपर्यंत कसे पोहोचले?

भगिनींनो, थट्टा ही काही परदेशातून आलेली चीज नव्हे. शिमग्याला वर्षभराचे पोटातले ओठांवर आणण्याची मुभा आपण एक दिवस देतच होतो. मंगळागौरीच्या खेळांत सासूची आणि नणंदेची नक्कल करणाऱ्या सुना आपण पाहिल्या आहेत, आणि ती पाहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या सासवाही पाहिल्या आहेत. तमाशातली मावशी तर भर गवळणीत देवालाही सोडीत नाही. आपल्या पुण्यात आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींची त्यांनी केलेली थट्टा साऱ्या महाराष्ट्राने वाचली. पण ती थट्टा त्यांच्या काव्याच्या लकबींची होती. शिवाय ते कवी स्वतः लेखणी बाळगून होते, उत्तर द्यायला समर्थ होते.

अलीकडचे उदाहरण म्हणजे २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’. पाहुणे नटनटी समोर बसलेले असत, आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे ही मंडळी त्यांच्याच चित्रपटांची खिल्ली उडवीत. त्यातले सगळेच विनोद मला आवडले असे नाही. पण त्याच मंचावर सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांचे पत्र वाचीत, आणि आत्ता हसणारा पाहुणा डोळे पुसू लागे. ज्याची थट्टा केली त्याच्याविषयी माया आहे, एवढे त्यातून घरी बसलेल्यालाही कळे.

आणि आपले फिशपाँड! जुन्या लोकांनी त्याला शेलापागोटे असे साजरे नाव दिले. म्हणजे शेला नि पागोटे देऊन सत्कारच करायचा, फक्त शब्दांचा. तेव्हा आपणही वर्षानुवर्षे रोस्टच करीत आलो आहोत, हे कबूल केले पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या वर्धापनदिनी मी आपल्यापैकी एका भगिनीवर चार ओळी लिहिल्या. कार्यक्रम संपला की त्या पिशवीतून डबा काढतात आणि अल्पोपाहारातले थोडे घरी नेतात, त्यावरची ती थट्टा होती. सभागृहात मोठा हशा झाला. त्या स्वतःही पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने हौसेने मोबाइलवर चित्रण केले आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्यात तिचा काडीचाही वाईट हेतू नव्हता. तिथून ते कोणाच्या सोसायटीच्या गटावर गेले, तिथून आणखी कुठे, आणि आठ दिवसांत त्या भगिनीच्या मुलीच्या सासरी पोहोचले. विहीणबाईंचा फोन आला : “तुमचा डबा फारच प्रसिद्ध झाला हो!”

त्यानंतर त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत. भिशीला पैसे पाठवीत, पण स्वतः येत नसत. मला वाटले, गुडघे दुखत असतील. खरे कारण कळायला मला तीन महिने लागले, याची मला आज लाज वाटते.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, आणि आतल्या खोलीत अंथरुणावर असलेल्या आपल्या यजमानांना बशीतून पाजून मग बाहेर आल्या. डबा कोणासाठी जातो ते मला तेव्हा समजले. मी क्षमा मागू लागले, तर त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही थट्टा केलीत त्याचे काही नाही. तुमच्यापुढे मी चाळीस वर्षे वावरले आहे. तुम्हांला माझे सारे ठाऊक. त्या बाईंना मी दोनदाच भेटले आहे. त्यांना माझे एवढेच ठाऊक.”

भगिनींनो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ज्यांना आपले सारे ठाऊक आहे त्यांच्यापुढे झालेली थट्टा ही आपल्या चाळीस वर्षांतली एक ओळ असते. ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यापुढे ती ओळ म्हणजेच आपण होऊन बसतो. वरळीच्या त्या दोन नटांचे फारसे बिघडले नाही. त्यांचे चेहरे सर्वांच्या ओळखीचे, त्यांचे चित्रपट चालूच राहिले. आपल्यासारख्यांच्या जवळ तो दुसरा चेहरा दाखवायला जागा नसते.

काहीजणी म्हणतील, मग फिशपाँड बंदच करू या. मला ते पटत नाही. वर्षातून एक दिवस आपण एकमेकींना मोकळेपणाने हसतो, त्यातूनच उरलेले वर्ष एकमेकींचे ओझे उचलण्याची सवय लागते. भरताचे वांगे विस्तवावर धरावेच लागते. फक्त साल करपावी, गर करपू नये, एवढे भान हाताला हवे.

म्हणून तीन गोष्टी सुचविते. पहिली, चिठ्ठी वाचण्यापूर्वी दोघी वडीलधाऱ्यांनी ती पाहावी, आणि गरज, आजारपण, पैसा व रूप यांवरची असेल तर बाजूला ठेवावी. दुसरी, फिशपाँड चालू असताना सर्वांनी मोबाइल पर्शीत ठेवावेत. गाण्यांचे, नाटुकल्याचे हवे तेवढे चित्रण करा, पण हा अर्धा तास या चार भिंतींतच राहू द्या. आणि तिसरी, जी दुसरीवर लिहील तिने स्वतःवरही एक चिठ्ठी पेटीत टाकावी.

ज्या भगिनीविषयी बोलले, त्या आज सभागृहात आहेत. त्यांना विचारूनच हे बोलले. नाव मात्र इथेही घेतले नाही आणि स्मरणिकेतही छापू नये, ही विनंती. परवानगी देताना त्यांनी एक अट घातली आहे. आजचे पहिले फिशपाँड त्यांनी लिहिले आहे, ते माझ्यावर आहे, आणि वडीलधाऱ्यांनी ते पाहून मंजूर केले असल्याने मला बचावाला जागा नाही.

तेव्हा कार्यवाहबाई, आता मोबाइल आत ठेवायला सांगा आणि पेटी उघडा. मी या खुर्चीवर बसते.