‘प्रतिक्रांती’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गतवर्षी याच संमेलनात सामुदायिक विवाहाचा ठराव आला असता एका वयोवृद्ध सभासदांनी उभे राहून खर्चाचा अंदाज विचारला. तोच मागून एका तरुणाचा आवाज आला, “हे प्रतिक्रांतिवादी आहेत!” सभागृहात हशा पिकला, आम्हीही हसलो. वृद्ध गृहस्थ खाली बसले आणि त्यांचा प्रश्न तसाच राहिला. घरी गेल्यावर मात्र आम्हांस त्या हसण्याची लाज वाटली. जन्मभर मुलांस शब्दांचे अर्थ सांगण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने तरी हसावयास नको होते. यंदा विषय सुचविण्याची आज्ञा होताच आम्ही हाच शब्द निवडला, तो याच कारणाने.

‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की आपण संक्रांत म्हणतो. गंमत अशी की, क्रांतीस युरोपीय भाषांत जो शब्द आहे तोही आकाशातूनच खाली उतरला. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात तो गोलांच्या भ्रमणासाठी योजिलेला आहे. ‘प्रति’ हा उपसर्ग मात्र मोठा फसवा. प्रतिदिन, प्रतिबिंब, प्रतिकार या तिन्हींत त्याचा अर्थ निराळा. १९४३ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. तेथे ‘प्रति’ म्हणजे नुसता विरोध नव्हे, तर एका सत्तेच्या समोर उभी केलेली दुसरी सत्ता. प्रतिक्रांतीचेही तसेच आहे. झालेली क्रांती उलथवून जुनी सत्ता परत आणण्याचा यत्न, हा तिचा खरा अर्थ. जेथे क्रांतीच झालेली नाही, तेथे प्रतिक्रांती कोठून येणार? प्रतिगामी हा मनाचा कल झाला. प्रतिक्रांती ही कृती होय.

हा शब्द रूढ झाला तो फ्रान्समध्ये, १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर. १७९३ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने ३ लक्ष सैनिकांच्या भरतीचा हुकूम काढला, आणि मार्चमध्ये पश्चिमेकडील वांदे प्रांतातील शेतकरी बंड करून उठले. धर्मोपदेशकांवर लादलेल्या शपथेचा राग त्यांच्या मनात आधीच धुमसत होता. त्यांच्या सैन्याने राजाचे निशाण उचलले, तेव्हा त्यास प्रतिक्रांती म्हणणे अयथार्थ नव्हते. पण त्याच मार्चमध्ये पॅरिसला क्रांतिविरोधकांच्या पारिपत्यासाठी खास न्यायासन स्थापन झाले. त्याचा हिरिरीने पुरस्कार करणारा दांतों हा क्रांतीचा केवढा मोठा वक्ता! पुढल्याच वर्षी, एप्रिल १७९४ मध्ये, त्याच न्यायासनाने त्याला गिलोटिनखाली धाडले. पुढे जुलैत रोब्स्पिएरचीही तीच गत झाली.

रशियात डिसेंबर १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘चेका’च्या नावातच प्रतिक्रांतीशी लढण्याचा उल्लेख होता. पुढे दंडसंहितेच्या ५८ व्या कलमाने हा शब्द गुन्हा ठरला, आणि लेनिनचा सहकारी बुखारिन १९३८ मध्ये त्याखाली प्राणास मुकला. १९८८ मध्ये, मृत्यूनंतर अर्धशतकाने, त्याला निर्दोष ठरविण्यात आले. चीनने १९९७ च्या दंडसंहितेतून या गुन्ह्याचे नाव काढले. त्या जागी राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका पोहोचविण्याचा गुन्हा आला, एवढाच काय तो फरक.

याच शब्दाचा भारदस्त उपयोग पाहावयाचा असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वळावे. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती यांविषयीचे त्यांचे अपूर्ण लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. बौद्ध धर्माचा उदय ही क्रांती आणि पुष्यमित्र शुंगाच्या काळापासूनचे ब्राह्मणी वर्चस्वाचे पुनरुत्थान ही प्रतिक्रांती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते कोणास पटो वा न पटो. तेथे हा शब्द शिवी म्हणून येत नाही, पुराव्यासह येतो. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने तर ते अवश्य वाचावे, जरी वाचताना थोडे अवघडल्यासारखे झाले तरी.

गतवर्षीचे ते वृद्ध सभासद आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. विवाहाचा ठराव दुपारच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. अध्यक्षमहाराजांस आमची विनंती एवढीच की, चर्चेच्या प्रारंभी चिटणीसांनी खर्चाचा अंदाज वाचून दाखवावा.