तहान आणि ताक



आमचे शिक्षण गिरणीत झाले. तेव्हा तेथलेच सांगतो. साळखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. घाम सुकत नसे, नुसता वाहत असे. उपाशीपोटी पाळीवर आलेला आमचा एक सोबती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. तरी पायांत गोळे येऊन पडला. पाणी होते, मग उणे काय होते? मीठ! घामावाटे तेही जाते, आणि निव्वळ पाण्याने ते भरून येत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी सक्तीचे केले. चांगले झाले. पण शरीराला लागणाऱ्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा अन्नातून येतो, आणि मीठही अन्नातूनच. आंबील, मीठ घातलेले ताक, भाकरीबरोबर काकडी, कांदा हे आमच्या आयांना न शिकता ठाऊक होते. खुर्चीवर बसणाऱ्यांनी मात्र हे ऐकून मीठ वाढवू नये. ते घाम गाळणाऱ्यांसाठी आहे.

म्हणून आमचे मागणे एवढेच: माठाशेजारी ताकाचे मडके हवे, आणि चार घास शांतपणे खाण्यापुरती सुट्टी हवी. रिकाम्या पोटाची तहान नुसत्या पाण्याने भागत नाही.